अतिपक्व केळ्यांचा घरगुती भाजक्या पदार्थांत विनियोग

प्रश्नाचे स्वरूप

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे सर्वत्र परिचित आहे. देवस्थानाच्या गावी केळ्याला दुहेरी स्थान असते. ते एकीकडे नैवेद्याचे व ओटीचे फळ, तर दुसरीकडे बाजारातील सर्वांत स्वस्त व पोटभरीचे फळ. नवरात्रात, सत्यनारायणाच्या पूजेनंतर किंवा घरच्या एखाद्या कार्यानंतर केळ्यांचे फणेच्या फणे एकाच वेळी घरात येतात, आणि नेमके त्याच वेळी ते सर्व खाऊन संपविणे कोणालाही शक्य नसते. केळे हे थांबणारे फळ नव्हे. आज पिवळे दिसलेले केळे उद्या ठिपक्यांचे आणि परवा काळे होते. मग पोरांनी नाकारलेली ही केळी गुरांपुढे टाकली जातात. फळविक्रेत्याच्या गाड्यावरही तीच स्थिती असते. सकाळी ज्या दराने डझन विकले गेले, त्याच्या निम्म्याहून कमी दराने संध्याकाळी ठिपक्यांची केळी देऊ केली तरी गिऱ्हाईक मान हलविते.

हा अपव्यय टाळण्याचा एक मार्ग म्हणून अतिपक्व केळी घालून घरी पाव, केक वा तत्सम भाजके पदार्थ करण्याची प्रथा जगभर रूढ झालेली आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीच्या काळात, बेकिंग पावडर व खाण्याचा सोडा घरोघरी पोहोचल्यावर, केळ्याचा पाव लोकप्रिय झाला. २०२० सालच्या टाळेबंदीत तो भारतीय शहरांतील अनेक स्वयंपाकघरांतही शिरला. त्याच्या पाठोपाठ ‘केळे घातले म्हणजे पदार्थ आरोग्यदायी’ अशी एक समजूतही रूढ झाली. ही समजूत कितपत खरी, आणि जेथे ओव्हन नाही, मैद्यापेक्षा ज्वारी जवळची आहे व एकेक पैसा मोजूनच खर्च करावा लागतो, अशा तलवाड्यासारख्या गावी या प्रथेचा उपयोग कोणत्या रूपात होऊ शकेल, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

केळे पिकते म्हणजे काय होते

केळे झाडावरून उतरविले जाते तेव्हा त्याच्या गरात वजनाच्या सुमारे पंचमांश भाग पिष्टाचा असतो आणि साखर केवळ एक-दोन टक्के असते. फळ पिकू लागले की त्यातून इथिलीन हा वायू बाहेर पडू लागतो, श्वसनाचा वेग एकाएकी वाढतो आणि विकरांच्या क्रियेने पिष्टाचे शर्करांमध्ये रूपांतर होते. पूर्ण पिकलेल्या फळात हे प्रमाण उलटलेले आढळते. पिष्ट एक-दोन टक्क्यांवर येते व शर्करा पंधरा ते वीस टक्क्यांच्या आसपास जाते. आरंभी यात इक्षुशर्करा अधिक असते. फळ जसजसे अतिपक्व होते तसतसे तिचे विघटन होऊन द्राक्षशर्करा व फलशर्करा यांचा वाटा वाढतो. याच काळात पेशीभित्तिकांतील पेक्टिन विरघळू लागल्याने गर मऊ व चिकट होतो, तुरटपणा लोपतो आणि केळ्याचा परिचित गंध देणारी एस्टरवर्गीय द्रव्ये तयार होतात. साल काळी पडते ती तिच्यातील फेनॉलवर्गीय द्रव्यांचे विकरांच्या साह्याने हवेतील प्राणवायूशी संयोजन झाल्यामुळे. कापलेले वांगे काळे पडते तोच हा प्रकार होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. सालीवरील काळे ठिपके हे नासण्याचे चिन्ह नसून बहुधा गोडीच्या परमावधीचे चिन्ह असते. खाण्यास अप्रिय झालेले केळे भाजक्या पदार्थासाठी मात्र सर्वांत योग्य ठरते, कारण त्यात साखर तयार झालेली असते, गर आपोआप घोटला जातो आणि गंध तीव्र असतो.

परंतु मराठवाड्याच्या हवामानात येथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा लागतो. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या बाजारातील मुख्य जाती कॅव्हेंडिश कुळातील आहेत. या कुळातील फळ सुमारे २४ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात पिकले तर गर मऊ होत जातो, पण सालीतील हरितद्रव्य पुरतेपणी नाहीसे होत नाही. चैत्र-वैशाखात बीड जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी घरी पिकलेले केळे बाहेरून हिरवट व आतून लगदा झालेले असू शकते. उलटपक्षी, कॅल्शियम कार्बाइडच्या साह्याने घाईने पिकविलेले फळ बाहेरून पिवळेधमक व आतून पिठूळ, अगोड राहू शकते. फळे पिकविण्यासाठी कार्बाइड वापरण्यास भारतात कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूचा नियंत्रित वापर मात्र मान्य आहे. तात्पर्य, उन्हाळ्यात रंग हा पक्वतेचा विश्वसनीय निकष नव्हे. देठाजवळ बोटाने दाबून पाहावे, गंध घ्यावा व एक तुकडा चाखावा.

अतिपक्व आणि नासके

काटकसरीच्या भरात अतिपक्व व नासके यांतील सीमा ओलांडली जाण्याचा धोका असतो. साल पूर्ण काळी असली तरी ती अखंड असेल, गर पांढरट-पिवळा ते फिकट तपकिरी असेल व वास गोड असेल, तर असे केळे निःशंक वापरावे. गरात एखादा डागाळलेला भाग असल्यास तेवढा काढून टाकावा. परंतु साल फाटून रस गळत असेल, देठाशी वा सालीच्या भेगेत पांढरी-करडी बुरशी दिसत असेल, आंबूस वा मद्यासारखा वास येत असेल किंवा गर काळपट पाणचट झाला असेल, तर ते फळ टाकून द्यावे. भाजल्याने जंतू मरतात हे खरे. पण बुरशीने निर्माण केलेली सर्वच विषद्रव्ये उष्णतेने नष्ट होत नाहीत. गुरांना घालतानाही बुरशीचा भाग वगळणे इष्ट होय.

केळी एकदम पिकली व त्या दिवशी भाजकाम करण्यास सवड नसली, तर गर काढून त्यावर थोडे लिंबू पिळावे आणि मंद आचेवर दोन-चार मिनिटे उकळून झाकून ठेवावा. उष्णतेने विकर निष्क्रिय होतात, त्यामुळे गर काळा पडणे थांबते व तो दुसऱ्या दिवसापर्यंत वापरता येतो. शीतकपाट असलेल्या घरी गोठवलेला गर कित्येक आठवडे टिकतो. वसईची सुकेळी ही राजेळी केळी वाळवून केलेली जुनी चीज याच गरजेतून निर्माण झालेली आहे. मात्र तेथे केळ्यातील पाणीच काढून घेण्याचा मार्ग अवलंबिलेला आहे.

परंपरेतील धागे

अतिपक्व केळे शिजविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सत्यनारायणाच्या प्रसादात रवा, तूप, साखर व दूध यांच्या जोडीला केळे घालतात. ते जितके पिकलेले तितका प्रसादाला स्वाद अधिक, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. केळ्याचे गुलगुले व केळ्याच्या पुऱ्या यांतही गर हाच पाण्याचे व साखरेचे काम करतो. मंगळूर-उडुपीकडील ‘बन्स’ हा पदार्थ तर पिकून मऊ झालेली केळी, दही व मैदा यांच्या संयोगावरच उभा आहे. पण हे सर्व पदार्थ एकतर भरपूर तुपात परतलेले किंवा तेलात तळलेले आहेत.

दुसऱ्या बाजूस, ओव्हनवाचून भाजण्याची परंपराही येथे जुनी आहे. मराठवाडा-विदर्भात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात. पानांत गुंडाळून पानगे करतात. कोकणात काकडीचे धोंडस करताना भांड्याच्या खाली व झाकणावर निखारे ठेवतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे निनावे पूर्वी याच रीतीने भाजले जाई. म्हणजे ‘वर-खाली आच’ हे भट्टीचे तत्त्व आपल्या चुलीने केव्हाच आत्मसात केलेले होते. अतिपक्व केळे व वर-खाली आच हे दोन्ही धागे परंपरेत असले तरी ते एकत्र विणले जाण्याचे प्रसंग थोडे आले. आज विचार करावयाचा तो या जोडणीचा.

केळे काय पुरविते : एक हिशेब

भाजक्या पदार्थात साखर, पाणी व स्निग्ध या तिघांची कामे निरनिराळी असतात. साखर गोडी देते, शिवाय पदार्थ मऊ ठेवते, ओलावा धरते व वरच्या पापुद्र्याला रंग आणते. पाणी पिष्टाला फुगविते. स्निग्ध पदार्थ गव्हातील ग्लूटेनच्या तंतूंना लांब होऊ देत नाही, त्यामुळे केक खुसखुशीत राहतो. अतिपक्व केळे या तिन्ही कामांत कमीअधिक वाटा उचलते.

याचा हिशेब साधा आहे. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ७५ ग्रॅम पाणी असते. मध्यम आकाराच्या तीन केळ्यांचा गर सुमारे ३०० ग्रॅम धरला, तर त्यातून सुमारे २२५ ग्रॅम पाणी व ४५ ते ५० ग्रॅम शर्करा मिळते. २०० ग्रॅम पिठाला एवढे पाणी जवळजवळ पुरेसे होते. म्हणून अशा मिश्रणात दूध वा पाणी ओतण्याची गरज राहत नाही. नवशिक्यांचा केळ्याचा केक मध्यभागी कच्चा व चिकट राहतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की केळ्यातील पाणी हिशेबात न धरता वरून दूध घातलेले असते.

आता तुलनेसाठी पीठ, साखर, लोणी व अंडी प्रत्येकी २०० ग्रॅम घेऊन केलेला समभाग केक विचारात घ्यावा. त्याच्या कच्च्या मिश्रणात दर १०० ग्रॅमला २५ ग्रॅम साखर पडते. याउलट २०० ग्रॅम पीठ, ३०० ग्रॅम गर, ५० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, ५० ग्रॅम दही व ४० ग्रॅम तेल एवढेच घेऊन वरून साखर मुळीच न घातल्यास दर १०० ग्रॅम मिश्रणात शर्करेचे प्रमाण सुमारे ७ ते ८ ग्रॅम राहते, आणि तीही बव्हंशी केळ्यातीलच. स्निग्धाचे प्रमाण तर एक-चतुर्थांशाच्या आसपास येते. कुटातील तेल धरले तरी ते निम्म्याच्या वर जात नाही. मुलांना हा पदार्थ प्रथम अळणी वाटण्याचा संभव आहे. तेव्हा आरंभी ५० ग्रॅमपर्यंत गूळ घालावा व पुढे तो क्रमाने कमी करीत न्यावा. मात्र गूळ म्हणजे आरोग्य व साखर म्हणजे अपाय, असा भेद करण्यास आधार नाही. गुळात खनिजांचा अल्प अंश असला तरी त्याचा मुख्य घटक इक्षुशर्कराच होय.

सोड्याविषयी एक इशारा आवश्यक आहे. खाण्याचा सोडा आम्लाशी संयोग पावून कर्बद्विप्राणिद वायू सोडतो व त्यामुळे पदार्थ फुगतो. केळ्याचा सामू सुमारे ४.५ ते ५.२ असतो, म्हणजे त्याची आम्लता सौम्य आहे. सर्व सोडा फोडण्यास ती अपुरी पडते. यासाठीच दही वा आंबट ताक घालावयाचे. २०० ग्रॅम पिठाला अर्धा लहान चमचा सोडा पुरे होतो. अधिक घातल्यास पदार्थ काळपट होतो, साबणासारखी चव येते व पिठातील थायमिन हे जीवनसत्त्वही क्षारामुळे नष्ट होते. सोडा शेवटी घालून मिश्रण ताबडतोब भाजावयास ठेवावे, अन्यथा वायू निघून जातो.

ज्वारीचा प्रश्न

केळ्याच्या पावाच्या रूढ कृती मैद्यावर आधारलेल्या आहेत. भारतीय अन्नघटक-कोष्टकांनुसार १०० ग्रॅम मैद्यात तंतुमय द्रव्य ३ ग्रॅमहूनही कमी असते. ज्वारीत ते सुमारे १०, गव्हाच्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम असते. बीड जिल्ह्यात ज्वारी व बाजरी ही घरची धान्ये असताना केकसाठी म्हणून मैदा विकत आणणे हे आहारदृष्ट्या व अर्थदृष्ट्या दोन्हीही उलटेच ठरते.

अडचण अशी की ज्वारीत ग्लूटेन नसते. गव्हाच्या पिठात ग्लूटेनचे जाळे वायू कोंडून धरते. ज्वारीच्या पिठात असे जाळे नसल्याने निव्वळ ज्वारीचा केक फुगून पुन्हा बसतो व कोरडा होऊन भुगा होतो. या अडचणीवर भाकरी करणाऱ्या स्त्रीने उपाय शोधलेला आहेच. ती जुन्या, चिकटपणा गेलेल्या पिठावर आधणाचे पाणी ओतते. उष्णतेने पिष्टाचा काही अंश शिजून खळीसारखा होतो आणि पीठ एकजीव होते. हाच उपाय येथे लागू करता येतो. केळ्याचा गर एक उकळी येईपर्यंत तापवून तो उकळताच ज्वारीच्या पिठावर ओतावा, कालवावा व झाकून निवू द्यावा. गराचे पाणी व उष्णता यांनी पिष्ट अंशतः शिजते, केळ्यातील पेक्टिन बांधणीस साह्य करते, आणि विकर निष्क्रिय झाल्याने मिश्रण काळे पडत नाही. मिश्रण कोमट झाल्यावरच दही, तेल व शेवटी सोडा घालावा. ज्वारी व कणीक निम्मी-निम्मी घेतल्यास काम आणखी सुकर होते. निव्वळ ज्वारी वापरावयाची असल्यास एक अंडे अथवा दोन चमचे जवसाचे कूट घालावे. जवस भिजल्यावर बुळबुळीत होतो व तो गुण बांधणीस उपयोगी पडतो.

येथे एक विशेष लाभही आहे. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने त्याचे तंतू तोडण्यासाठी भरपूर स्निग्धाची गरजच उरत नाही. मैद्याच्या केकला लोणी लागते ते चवीइतकेच या कामासाठी. ज्वारीच्या पदार्थाला ते ओलाव्यापुरते थोडे पुरते. मराठवाड्यात पूर्वापार परिचित असलेले करडईचे तेल यासाठी योग्य आहे. बेकरीच्या मालात वनस्पती तुपाचा वापर दीर्घकाळ होत आला आणि त्यातील ट्रान्स मेदाम्ले हृदयास घातक म्हणून ओळखली गेली. भारतात २०२२ सालापासून अशा मेदाम्लांवर खाद्यतेल व मेदांत २ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आहे. घरी भाजताना मात्र हा प्रश्न मुळातच टाळता येतो.

भट्टीवाचून भट्टी

जाड बुडाचे पातेले किंवा मोठी कढई घेऊन तिच्या तळाशी दोन बोटे जाडीचा स्वच्छ, कोरड्या वाळूचा अथवा जाड्या मिठाचा थर द्यावा. त्यावर एक कडे वा चपटे दगड ठेवून झाकण लावावे व दहा-पंधरा मिनिटे तापू द्यावे. वाळू उष्णता साठवून ती सावकाश व सारखी सोडते, हेच भट्टीच्या विटेचे कार्य होय. तेलाचा हात लावलेल्या डब्यात मिश्रण निम्म्याच्या थोडे वर भरून तो डबा आत ठेवावा. चूल असल्यास झाकणावर थोडे निखारे ठेवावेत. त्यामुळे वरची बाजू भाजली जाते. गॅसवर हे शक्य नसल्याने वरची बाजू फिकी राहते, पण पदार्थ कच्चा राहत नाही.

आच मंद ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे. अतिपक्व केळ्यात द्राक्षशर्करा व फलशर्करा अधिक असल्याने बाहेरचा भाग साखरेच्या केकपेक्षा लवकर तांबूस होतो. आच तीव्र असेल तर वरून करपलेला व आतून कच्चा असा पदार्थ हाती येतो. ओव्हन असल्यास १७० अंश सेल्सिअसवर सुमारे ५० मिनिटे, वाळूच्या पातेल्यात सुमारे तास-सव्वातास लागतो. विणावयाची सुई मध्यभागी खुपसून ती कोरडी बाहेर आली म्हणजे पदार्थ झाला असे समजावे. गरम असतानाच कापण्याची घाई करू नये. पिष्टाची बांधणी निवतानाच पक्की होते.

जेथे एवढाही खटाटोप शक्य नाही तेथे तवा आहेच. महाराष्ट्रात प्रवासासाठी दुधात मळून केलेल्या दशम्या शिदोरीत देण्याची रीत आहे. त्या पाण्यात मळलेल्या भाकरीपेक्षा मऊ राहतात व अधिक काळ टिकतात. दुधाऐवजी उकळलेल्या केळ्याच्या गरात ज्वारीचे वा गव्हाचे पीठ मळले, त्यात तीळ व किंचित मीठ घातले आणि मंद तव्यावर कोरडी भाजली, तर तिला सोडाही लागत नाही, साखरही लागत नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी लक्षावधी माणसे साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. त्यांच्याबरोबर लहान मुलेही जातात. पहाटे फडावर निघणाऱ्या आईच्या मागे मुलांच्या हाती बहुधा पुडीतील बिस्किटे असतात. कोपीतील तीन दगडांच्या चुलीवर केक होणार नाही, पण दशमी होऊ शकते. या विषयाचे खरे मोल ठरावयाचे असेल तर ते शहरी ओव्हनमधील केकवरून नव्हे, या दशमीवरून ठरले पाहिजे.

‘आरोग्यदायी’ या शब्दाची मर्यादा

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. केळे घातल्याने पदार्थ आरोग्यदायी होतो काय? केळ्याच्या १०० ग्रॅम गरात पोटॅशियम सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. ते भाजल्याने नष्ट होत नाही. तंतुमय द्रव्य सुमारे अडीच ग्रॅम असते. परंतु लोह नाममात्र, प्रथिन सव्वा ग्रॅमच्या आत, आणि क जीवनसत्त्व थोडे असून तेही उष्णतेने घटते. कच्च्या केळ्यातील न पचणारे पिष्ट आतड्यांस हितकर मानले जाते. अतिपक्व केळ्यात त्याचे साखरेत रूपांतर झालेले असते. म्हणजे कच्च्या केळ्याची थोरवी अतिपक्व केळ्याच्या पदरात टाकता येत नाही. अतिपक्व केळे रक्तातील शर्करा कच्च्या केळ्यापेक्षा अधिक त्वरेने वाढविते, हेही त्याच रूपांतराचे फल होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर तसेच मध, पाक व फळांचे रस यांतील शर्करा यांचा वाटा दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावा. २००० किलोकॅलरींच्या आहारात तो सुमारे ५० ग्रॅम होतो. अखंड फळातील शर्करा या मर्यादेत धरली जात नाही. मात्र ब्रिटनमध्ये २०१८ पासून घोटून लगदा केलेल्या फळांतील शर्कराही या मर्यादेत मोजण्याची पद्धत स्वीकारली गेली आहे, कारण फळाची पेशीरचना मोडल्यावर ती शर्करा मोकळी होते. याचा अर्थ, केळ्याचा गर हा साखरेचा सौम्य पर्याय आहे. साखरेचा अभाव नव्हे. मधुमेही माणसाने ‘यात साखर नाही, केळे आहे’ असे म्हणून चार तुकडे खाल्ले तर ती स्वतःची फसवणूक ठरेल. एक लहान तुकडा, तोही जेवणातील भाकरीचा भाग कमी करून व वैद्याच्या सल्ल्याने, एवढीच त्याची मर्यादा असावी.

लोहाच्या दृष्टीने पाहता केळ्यापेक्षा पिठाची निवड निर्णायक ठरते. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६, ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. प्रथिनासाठी शेंगदाणे, तीळ व दही यांचीच कास धरावी लागते. सारांश, या पदार्थाचे पोषणमूल्य केळ्यात कमी व त्याच्या सोबत्यांत अधिक आहे. केळ्याचे कार्य एवढेच की ते आपल्या गोडीने, ओलाव्याने व गंधाने साखर, लोणी व मैदा यांना बाहेर ठेवण्यास साह्य करते आणि मुलांनी ज्वारी-शेंगदाणे आवडीने खावेत अशी स्थिती निर्माण करते. मैदा, साखर व लोणी पूर्वीइतकेच ठेवून त्यात दोन केळी कुस्करली, तर तो केळ्याचा केक होईल, आरोग्यदायी मात्र होणार नाही.

टिकण्याचाही प्रश्न दुर्लक्षिता येत नाही. साखर ही ओलावा बांधून ठेवून बुरशीला अटकाव करते. साखर कमी केली की हे संरक्षणही कमी होते. त्यामुळे अशा पदार्थावर उन्हाळ्यात व पावसाळ्यात दोन दिवसांनंतर बुरशी येण्याची शक्यता असते. जितके एका दिवसात संपेल तितकेच करावे, अथवा उरलेल्याचे पातळ काप करून ते मंद तव्यावर कडकडीत होईपर्यंत भाजावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पाणी निघून गेल्याने असे काप आठवडाभर चांगले राहतात.

समारोप

अतिपक्व केळ्याचा विनियोग हा वरवर पाहता काटकसरीचा एक किरकोळ प्रकार वाटतो. परंतु त्यात फळाच्या पक्वतेचे रसायन, पिठाच्या बांधणीचे शास्त्र, चुलीचे तंत्र व घरच्या अर्थव्यवस्थेचा प्रश्न एकत्र आलेले आहेत. गृहविज्ञान व अन्नतंत्र यांच्या अभ्यासकांना येथे करण्याजोगे कार्य पुष्कळ आहे. ज्वारी व बाजरी यांची पिठे गराशी कोणत्या प्रमाणात सर्वोत्तम जुळतात, गर उकळून घातल्याने बांधणीत मोजता येईल इतका फरक किती पडतो, कडक केलेले काप व दशम्या वेगवेगळ्या ऋतूंत किती दिवस टिकतात, आणि मुख्य म्हणजे मुले ते खरोखर खातात काय, हे प्रश्न साध्या साधनांनी तपासता येण्याजोगे आहेत. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक तराजू, एक तापमापक व काही घरांचे सहकार्य एवढे पुरे होते.

तोवर गृहिणीपुढे ठेवावयाचा निष्कर्ष असा की, संध्याकाळच्या बाजारात स्वस्तात मिळणारा ठिपक्यांचा फणा हा दोष नसून संधी आहे. पण तिचा लाभ केळे अधिक घातल्याने मिळत नाही, त्याच्या बदल्यात साखर व मैदा कमी केल्याने मिळतो.